अंगणात लाइट घेताना

भाऊ, 15 बाय 20 फुटांच्या अंगणाला 50 वॅटचा फ्लडलाइट कशाला? डोळे दिपतात आणि तुळशीवृंदावनामागचा विंचू तसाच अंधारात राहतो. 9-9 वॅटचे दोन एलईडी घ्या: एक ओसरीच्या वळचणीखाली, एक न्हाणीच्या वाटेवर.

उजेड पिवळसरच हवा, 2700 ते 3000 केल्विन. खोक्यावर लिहिलेलं असतं. 6500 चा पांढराफटक दिवा पावसाळ्यात किडे जास्त ओढतो. किड्यांमागे बेडूक, अन् बेडकामागे कोण येतं ते सांगायला नको! म्हणून दाराच्या चौकटीवर दिवा नकोच, चार हात बाजूला लावा.

उघड्यावरचा दिवा आयपी 65 (म्हणजे धूळ अन् पाण्यापासून बचाव असलेला) पाहूनच घ्या. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. नवी लाइन ओढताच आहात तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसवा. इथं कंजूषी करू नका बाप्पा.

सोलर? लोडशेडिंगला बरा, पण आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात बॅटरी लवकर बसते. पॅनल वेगळं असलेला घ्या: पॅनल टिनांवर, दिवा-बॅटरी सावलीत. बॅटरी बदलून मिळते का, तेही दुकानात आधीच विचारा.