नवरा बोटीवर आणि ॲपवरचा ठिपका गायब

फोन लागेना, बोट मॅपवर दिसेना, चाच्यांनी पळवली तर नसेल? बोटीवर नवरा असलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या बहुतेक हेच विचारतात. त्यातली ही एक केस, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा सेकंड इंजिनियर, ही पनवेलला सासू आणि पोरांसोबत. बोट सोमालियाजवळच्या एडनच्या आखाताकडे, म्हणजे चाच्यांच्या पट्ट्याकडे निघाली की हिचं जेवण सुटायचं, रात्री दोनला उठून ट्रॅकिंग ॲप उघडायचं, ठिपका नाही दिसला की बातम्या शोधत बसायचं, मग सापडायच्या जुन्याच, २०१० साली सोमाली चाच्यांनी पकडलेल्या ॲस्फाल्ट व्हेंचर या जहाजाच्या, खंडणी देऊनही ७ भारतीयांना ठेवून घेतलं ते सुटले थेट २०१४ मध्ये. आता हे खरंच घडलंय, त्यामुळे "काही होत नाही गं" म्हणण्यात अर्थ नव्हता, ते काम सासूबाई रोज करतच होत्या.

आधी ठिपक्यावरच बोललो आम्ही. फुकटच्या ॲपला सिग्नल मिळतो तो बहुतेक किनाऱ्यावरच्या अँटेनांकडून, बोट लांब गेली की ठिपका अडकतो नाहीतर जातोच, शिवाय धोक्याच्या पट्ट्यात कधीकधी कॅप्टन स्वतःच सिग्नल बंद करतो. म्हणजे ही जे बघून रडायची त्यात बोटीची खबर नव्हतीच! मग लिला नॉरफोक या मालवाहू जहाजाचं सांगितलं. जानेवारी २०२४, सोमालियाजवळ, बोटीवर २१ जण त्यात १५ भारतीय, चाचे चढल्यावर सगळे सिटाडेलमध्ये म्हणजे आतल्या मजबूत खोलीत दार लावून बसले, आपल्या नौदलाची आयएनएस चेन्नई पोचली, कमांडोंनी बोट तपासली, सगळे सुखरूप. हिला सिटाडेल हा प्रकारच माहीत नव्हता, नवऱ्याने कधी सांगितलंच नाही, का तर घाबरेल म्हणून.

पुढचं सेशन मग व्हिडिओ कॉलवर दोघांचं. ठरलं असं की किती दिवस मेसेज येणार नाही ते तो आधीच सांगणार, तेवढे दिवस फोन आला नाही तरी सगळं ठीक धरायचं, दिवस उलटले तर कंपनीच्या डीपीएला, म्हणजे किनाऱ्यावरच्या जबाबदार माणसाला फोन, नंबर फ्रिजवर चिकटवलेला. ॲप संध्याकाळी एकदाच. सुरुवातीला तिने चोरून बघितलंच, बघणारच ना.

झोप आता बरी आहे. पण पुढचं कॉन्ट्रॅक्ट नायजेरियाकडचं येतंय, तिकडे बोट ठेवून माणसंच उचलून नेतात, डिसेंबर २०१९ मध्ये एका टँकरवरून १८ भारतीय असेच नेले होते. तो म्हणतो पैसे चांगले आहेत, ही म्हणते नको. भांडण चालू आहे, आणि मला विचाराल तर ह्यात मी तिच्या बाजूची.