युगांडात चार आठवडे: जाऊ का, मॅडम?

प्रश्न: मॅडम, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका एजन्सीमार्फत सुट्टीत युगांडाला चार आठवड्यांची ‘ग्लोबल हेल्थ इंटर्नशिप’ करता येते. तिकीट सोडून दोन लाख दहा हजार भरायचे आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलंय, की तिथे विद्यार्थ्यांना बाळंतपण करायला, टाके घालायला मिळतात. आमच्याकडे पोस्टिंगला नुसतं मागे उभं राहावं लागतं. बाबा सोयाबीनच्या पैशांतून द्यायला तयार आहेत. जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: तुला ज्या वाक्याची भुरळ पडली आहे, त्याच वाक्यामुळे मी म्हणेन, या एजन्सीकडून जाऊ नकोस.

फायनल इयरला असताना मी आठ आठवडे युगांडात होते, मसाका शहराच्या पुढे एका ‘हेल्थ सेंटर थ्री’वर. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखंच, पण तिथे एमबीबीएस डॉक्टर नव्हता. क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेला पण उपचार करायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, आणि दोन मिडवाइफ सगळा गाडा ओढत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात रात्री एक पहिलटकरीण आली. बाळ सुखरूप झालं, पण खाली फाटलं होतं. दुसरी बाई कळा देत होती, म्हणून सिस्टरनं मला विचारलं, ‘टाके घालता का?’ मी तोवर टाके फक्त पाहिले होते. तरी ‘हो’ म्हणाले. चाळीस मिनिटं लागली. सकाळी सिस्टरनं ते उसवले आणि पुन्हा घातले. त्या मुलीला तोच त्रास दोनदा सोसावा लागला, आणि वर ती मलाच म्हणाली, ‘वेबाले, मुसावो’, म्हणजे ‘आभारी आहे, डॉक्टर’. मी डॉक्टर नव्हते. इतकी वर्षं झाली, पण ते दोन शब्द आठवले की अजून घशात आवंढा येतो.

नांदेडच्या लेबर रूममध्ये तुला जे करू देत नाहीत, ते मसाक्यात करायला मिळतं, यात तुझं शिक्षण काहीच नाही. तिथल्या बाईला नाही म्हणायची सोय नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मग त्या आठ आठवड्यांत मी कामाची कधी ठरले? औषधांच्या कोठीत. क्लिनिकल ऑफिसरनं मला स्टॉक कार्डं दिली आणि मलेरियाच्या रॅपिड टेस्ट कधी संपतात ते शोधायला सांगितलं. मी सगळी कार्डं वहीत उतरवली. पावसाळ्यात, म्हणजे ताप वाढायच्या ऐन दिवसांत, कोठी रिकामी व्हायची. मागणी मात्र कोरड्या महिन्यांच्या हिशोबानं जायची. पुढची मागणी त्यांनी त्या वहीवरून पाठवली. उरलेले दिवस मी व्हिलेज हेल्थ टीमच्या एका मावशींबरोबर घरोघर हिंडले. आपल्या आशाताईंचंच काम. रुग्ण आपल्या आजाराची नोंद शाळेच्या वहीत जपून आणतात. बाळंतपणाला येताना बाईला ‘मामा किट’ आणावं लागतं: प्लास्टिकचा कागद, हातमोजे, ब्लेड, कापूस, नाळ बांधायचा दोरा. ते घ्यायला पैसे नाहीत म्हणून घरीच थांबलेली बाई मला मावशींनी दाखवली. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं. एचआयव्हीच्या गोळ्यांच्या डब्यांवर भारतातले पत्ते वाचताना ऊर भरून यायचा. आपल्या सिप्लानं २००१ मध्ये एकत्र घ्यायच्या तीन एचआयव्ही औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणायची तयारी दाखवली, तेव्हा हजारो डॉलरचं ते औषध आफ्रिकेच्या आवाक्यात येऊ लागलं.

तरीही जायचंच असेल तर एजन्सीला नाही, थेट त्या केंद्राला पत्र लिही. तुम्हाला माझ्याकडून काय काम हवंय? माझ्यावर देखरेख कोणाची? माझ्या पैशांतले किती तुमच्यापर्यंत पोहोचतात? उत्तर आलं नाही, तर तुला तिथे कोणी बोलावलेलंच नाही असं समज. सुई टोचली तर एचआयव्ही रोखायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती तिथे मिळतील का, हेही लेखी घे. कॉलेजची परवानगीसुद्धा लेखीच.

बाबांचे पैसे वाचवायचे असतील, तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, आयएफएमएसएची, अदलाबदल योजना बघ. तीन वर्षं पूर्ण झाली की जागतिक आरोग्य संघटनेच्या इंटर्नशिपलाही अर्ज करता येतो. २०२० पासून तिथे भत्ता मिळतो. आणि त्याआधी एकदा जामखेडला जाऊन ये. आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केलं. हेच ‘ग्लोबल हेल्थ’ शिकायला परदेशातली मुलं जामखेडला येतात, आणि तुला तिथे एसटीनं जाता येतं.

प्रश्न: मुलगी कॉलेजतर्फे सहा आठवडे युगांडात कंपालाला चालली आहे. लशींचं काय करायचं?
– एक पालक, सातारा

उत्तर: पिवळ्या तापाची लस युगांडासाठी सक्तीची आहे. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, म्हणून वेळ आधीच घ्या. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. दाखला नसेल, तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर लशीआधी सांगा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डॉक्सीसायक्लिन दिलं, तर ते घरी आल्यावरही चार आठवडे घ्यायचं असतं; मुली नेमक्या तिथेच सोडतात. आल्यानंतर काही महिन्यांत ताप आलाच, तर दवाखान्यात पाऊल टाकताच ‘ही युगांडाहून आली आहे’ हे आधी सांगा.