रिलायन्स घणसोलीत, मग करार दाओसला का?

प्रश्न : दर जानेवारीत आपलं शिष्टमंडळ स्वित्झर्लंडला दाओसला जातं आणि लाखो कोटींचे करार करून येतं. २०२५ ला रिलायन्सशी तीन लाख कोटींचा झाला म्हणे. अहो, रिलायन्सचा पार्क आमच्या घणसोलीत आहे, रोज लोकलमधून दिसतो. त्यासाठी बर्फात कशाला जायचं? आणि माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, त्याला यातलं काही मिळेल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : काका, आधी हसलो आणि मग वाटलं की बरोबर बोट ठेवलंत. रिलायन्स ३.०५ लाख कोटी, जेएसडब्ल्यू ३ लाख कोटी, दोघांची हेड ऑफिसं मुंबईत. विरोधकांनीही तेव्हा हेच विचारलं होतं. सरकारचं म्हणणं असं की या कंपन्यांबरोबर परदेशी भागीदार आणि पैसा येतो. त्यात तथ्य आहे, आणि दाओसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या आठवड्यात जगभरचे कंपनीप्रमुख एका छोट्याशा गावात सापडतात, एरवी अपॉइंटमेंट मिळायला महिने जातात, हेही खरंच. पण आपल्याच माणसाशी सही करायला विमान लागतं ते फोटोसाठी, हे माझं मत.

आता करार म्हणजे काय ते बघा. आपण घोडबंदरच्या प्रॉपर्टी प्रदर्शनात जातो, स्टॉलवरच्या मुलीला नाव-नंबर लिहून देतो, बजेट विचारलं की जरा वाढवूनच सांगतो आणि पिशवीभर ब्रोशर घेऊन घरी येतो. सामंजस्य करार साधारण तसाच असतो, पाळला नाही म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही. खरं काम नंतर सुरू होतं, एमआयडीसीचं देकारपत्र (म्हणजे जमीन देऊ केल्याचं पत्र), जमिनीचा प्रीमियम भरणं, ताबा, प्रदूषण मंडळाची संमती, पाणी, वीज, यात एखादा कागद अडला की वर्ष गेलंच समजा. मी स्वतः रबाळ्यात एका छोट्या युनिटची फाईल घेऊन फिरलोय, एका सहीसाठी पाच चकरा, साहेब कायम मीटिंगला.

दाओसचे आकडे २०२३ ला १.३७ लाख कोटी, २०२४ ला ३.५३ लाख कोटी, २०२५ ला १५.७० लाख कोटी. दोन वर्षांत अकरा पट! ठाणे-बेलापूर रोडवरचा ट्रॅफिक सोडला तर इथे अकरा पट काही झालेलं मला तरी दिसलं नाही. उलट प्रत्यक्ष आलेला परदेशी पैसा केंद्र सरकार वेगळा मोजतं, आणि २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परदेशी इक्विटी (भागभांडवलातल्या) गुंतवणुकीतला ३९ टक्के महाराष्ट्रात आला. हा आलेला पैसा, दाओसचा ‘येतो’ म्हणणारा. पेपरात पुढच्या वेळी आकडा दिसला की गेल्या वर्षीच्यातल्या किती जणांनी जमीन ताब्यात घेतली ते शोधा.

मुलाचं म्हणाल तर ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात आता डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे मोठमोठे कॉम्प्युटर ठेवायच्या इमारती, उभी राहतायत. बाहेरून बघितलं तर खिडक्या नसलेली प्रचंड भिंत, जनरेटरची रांग आणि गेटवर दोन सिक्युरिटीवाले. पूर्वी इथे कारखान्याची पाळी सुटली की चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसायची, तेवढी माणसं ह्यांना लागत नाहीत. पण जी लागतात त्यात इलेक्ट्रिशियन आहेत, एसी आणि जनरेटर सांभाळणारे आहेत, बहुतेक कॉन्ट्रॅक्टरमार्फत. म्हणून त्याला अप्रेंटिसशिपला आत्ताच नाव नोंदवायला सांगा, वायरमनचं लायसन काढू दे, आणि जमलं तर चिलर-एसीचा एखादा कोर्स. ऑफर आलीच तर पगार कंपनी देणार की कॉन्ट्रॅक्टर, आणि पीएफ कापणार का, हे जॉईन व्हायच्या आधी विचारायला लावा.