ऑनर्सचं विचारतेस, प्रश्नाचं काय?

चि. विद्यार्थिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तीन वर्षांच्या पदवीवर थांबून बाहेर एम.ए. करू की इथेच चौथ्या वर्षाला ऑनर्स घेऊ, कशाला किंमत आहे, मैत्रिणी काय करताहेत, आत्या काय म्हणते. सगळं आहे त्यात. अर्थशास्त्र तेवढं नाही.

वर्ष वाया जाईल ही भीती आधी काढून टाक. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच, ऑनर्सनंतर एम.ए. एकाच वर्षाचं. 'ऑनर्स विथ रिसर्च'ला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, तेवढे तुला पडतील. चार वर्षांच्या पदवीला तेवढेच राखलेस तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. बाबा म्हणतात, हेही उद्या बदलेल. दिल्ली विद्यापीठाने 2013 मध्ये चार वर्षांची पदवी आणून पुढच्याच वर्षी गुंडाळली होती, तेव्हा त्यांना वेड्यात काढू नकोस. पण हा हिशेब ऑफिसातले क्लार्कही सांगतील. मी विचारतोय ते वेगळंच: तुझा प्रश्न काय?

फील्ड प्रोजेक्टला तू बाजार समितीत जाऊन कांद्याच्या हिशेबपट्ट्या गोळा केल्यास. बाकीच्यांनी नेटवरून उतरवलं. तुझ्या वहीत हमाली, तोलाई, वाराई असे शेतकऱ्याच्या पैशातून होणाऱ्या कपातींचे रकाने होते. एकाच शेतकऱ्याच्या दोन बाजारांतल्या पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवून खाली पेन्सिलीनं लिहिलं होतंस, 'माल तोच, कपात वेगळी का?' मी ती वही स्टाफरूममध्ये फिरवली. आणि टाइप केलेल्या रिपोर्टात ते वाक्यच गायब! त्याजागी 'कृषी विपणनाचे महत्त्व'. कुणी सांगितलं होतं गं?

आमच्या एम.ए.ला प्रबंधिका, म्हणजे स्वतःचं छोटं संशोधन, नव्हतीच. पेपर, गाइडं, पाठांतर. पहिला आलो, हारतुरे झाले. स्वतःचा म्हणावा असा प्रश्न सुचला तो पीएच.डी.च्या वेळी, चाळिशीत. आणि मार्गदर्शकांना तो पसंत पडला नाही. पदवी त्यांच्या विषयावर मिळाली. माझे कागद अजून कपाटात आहेत. म्हणून तुमचे विषय मी पुन्हापुन्हा परत करतो. सर छळतात म्हणता ना? छळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात 'ऑनर्स विथ रिसर्च'च्या संशोधन प्रकल्पाला 12 श्रेयांक आहेत, ते काय कव्हरवरच्या सोनेरी अक्षरांसाठी? विभागातले म्हणतात, एवढं ताणलंत तर ऑनर्सला मुलं येणार नाहीत. न येवोत. प्रश्न नसलेला वर्गभर गोतावळा घेऊन मी करू काय?

तेव्हा प्रश्न असेल तर थांब. नसेल तर खुशाल पुण्याला जा, मुंबईला जा, एमपीएससी कर. शिफारसपत्र मी मनापासून देईन. पण 'सगळे घेताहेत म्हणून' ऑनर्स घेणार असशील तर मार्गदर्शक म्हणून माझं नाव घालू नकोस.

बाबांशी आधी तू बोल, लागलं तर मी फोन करेन. दोन्ही बाजारांत कपातीचे दर कोण आणि कसे ठरवतं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल. फी दहा रुपये. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय, सोमवारी येऊन सही कर.