1959 ची गिब्सन ईएस-335 एवढी महाग का? घेण्याआधी काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत 1959 ची एक सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद होत गेलेल्या रंगाची) ईएस-335 इलेक्ट्रिक गिटार मिळतेय, विक्रेता 'सगळं ओरिजिनल' म्हणतोय, आणि पुढेमागे ती पुण्याला आणायचीय. मी गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे 'सगळं ओरिजिनल' ऐकलं की आधी आरसा आणि टॉर्च काढतो.

हे मॉडेल 1958 मध्ये मिशिगनमधल्या कलामाझूच्या कारखान्यातून आलं. पूर्ण पोकळ गिटार अँप वाढवला की घुमते, शिट्ट्या मारते. म्हणून हिच्यात मधोमध मेपलचा ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजू पोकळ ठेवल्या. 1962 पर्यंत फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, साधे ठिपके होते, नंतर चौकोन आले. संग्राहक मरतात ते या ठिपकेवाल्या 'डॉट नेक'वर. त्यातही नॅचरल, म्हणजे लाकडाच्या रंगाची असेल तर विचारूच नका. 1958 ते 1960 मध्ये तशा फक्त 209 बनल्या.

पुढच्या बाजूला इंग्रजी 'f' च्या आकाराची दोन भोकं असतात, ती एफ-होल. डाव्या एफ-होलमधून नारिंगी लेबल दिसेल, त्यावर सीरियल नंबर. पण लेबल काय, बदलता येतं. उजव्या होलमधून आत मागच्या फळीवर कारखान्याने मारलेला शिक्का शोधा. 1959 चा असेल तर त्यात इंग्रजी 'एस' हे अक्षर हवं.

खरी मेख पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागात आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने बनवलेले ते हंबकर (गुणगुण दाबणारे दोन रिळांचे पिकअप), खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं छापलेलं बारकं काळं स्टिकर. या काळातल्या काही पिकअपच्या आतल्या रिळा पांढऱ्या निघतात आणि त्यांना वेगळा भाव मिळतो. तेवढं बघण्यासाठी लोक कव्हरचं सोल्डर तोडतात, आणि कधीही न उघडलेलं सोल्डर हीच तर किमतीची गोष्ट! विक्रेता 'उघडून दाखवतो' म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. व्हॉल्यूम-टोनचं वायरिंगही बघा. या गिटारला मागे झाकण नाही, सगळी वायरिंग एफ-होलमधूनच ओढून काढावी लागते. त्यामुळे होलच्या कडा खरवडलेल्या दिसल्या तर कुणीतरी आत हात घातलाय असं समजा.

मग अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिवा फिरवा. जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नंतर मारलेला रंग वेगळा उठून दिसतो. पूर्ण रंग नव्याने मारलेला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते. मानेचा सांधा आणि हेडस्टॉकची (खुंट्या असतात त्या टोकाची) मागची बाजू जास्त वेळ बघा, तडे तिथेच लपवलेले असतात. बिग्सबी (सूर थरथरवायचा दांडा) काढून टाकल्याची भोकं असली तर भाव पाडून मागा, पण वाजवायलाच हवी असेल तर तेवढ्यासाठी सोडू नका.

आणि हो, फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा आहे. हे लाकूड 1992 पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 1 मध्ये आहे, त्यामुळे देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. पैसे देण्याआधी त्याची चौकशी करा.