फ्रेममध्ये कचरा आला तर?

गेल्या अंकात पाणथळ जागेवरच्या माझ्या फोटोंसोबत एक फोटो लव्हाळ्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा होता. ‘एवढ्या सुंदर पानावर हा कशाला?’ असं काहींनी विचारलं, तर काहींना माझ्या कामाविषयीच कुतूहल वाटलं. निवडक पत्रांना ही उत्तरं.

तुम्ही नोकरी न करता स्वतंत्र फोटोग्राफी करता. म्हणजे रोज कॅमेरा घ्यायचा आणि मनाला येईल तिकडे जायचं, असंच ना?

असं असतं तर काय हवं होतं! माझ्या हातात कॅमेऱ्यापेक्षा माउस जास्त वेळ असतो. लोकांचे कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, म्हणून शनिवार-रविवार माझे कामाचे. सोमवारी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉम्प्युटरवर उतरवायची. मूळ फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हे झाल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट होत नाही. मंगळवार निवडीचा. एकाच क्षणाच्या आठ-दहा जवळपास सारख्या फोटोंतून एक ठेवायचा आणि बाकीचे काढायचे. कंटाळवाणं काम आहे, पण फोटोग्राफर किती पाण्यात आहे ते इथेच कळतं. बुधवारी रंग आणि उजेड-अंधाराची दुरुस्ती. गुरुवारी बिलं करायची, आणि जुन्या बिलांची आठवणही. ‘अकाउंट्सला पाठवलंय’ या उत्तराला किती आठवडे लागू शकतात, यावर मी आता पैज लावत नाही.

शुक्रवार शक्यतो कुणाला देत नाही. उजाडायच्या आत पाण्याकाठी किंवा माळावर पोचते. कचरा मला दिसतो तो याच दिवशी, त्यालाही कारण आहे. जमिनीवरच्या पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चांगला येतो, म्हणून पोटावर पडून राहावं लागतं. उभ्या माणसाला जो हिरवा काठ दिसतो, त्यात आडव्या माणसाला सिगारेटची थोटकं, बाटल्यांची झाकणं आणि वेफर्सच्या पाकिटांचे कोपरे दिसतात.

कचरा नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतो ना? मग एवढा त्रास कशाला?

येतो. आता तर एका क्लिकवर येतो. जाहिरातीचं काम असेल आणि ग्राहकाने सांगितलं, तर मी पुसतेही. जाहिरात ही जाहिरात आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. निसर्गाचा फोटो म्हणून जे छापायला देते, त्यातून मात्र काही काढत नाही. स्पर्धांनाही ते चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो असल्या फेरफारांमुळे बाद झाले होते.

पण नियम बाजूला ठेवा. पुसलेला फोटो बघून लोक त्या जागी जातात, आणि ज्याच्यावर जागेची जबाबदारी आहे तो म्हणतो, ‘फोटोत तर सगळं छान दिसतंय.’ तक्रार करायला पुरावाच उरत नाही, आणि तो मीच पुसलेला असतो.

यावर एका वाचकाने मला बरोबर पकडलं आहे: ‘कॅमेरा चार बोटं वर उचलून कचरा फ्रेमबाहेर ठेवता, ते काय वेगळं?’ फारसं वेगळं नाही. म्हणून आता मासिकाकडे दोन्ही फ्रेम पाठवते, वर उचललेली आणि न उचललेली. कोणती छापायची ते संपादकांनी ठरवावं. गेल्या अंकात त्यांनी दुसरीही छापली, याचा मला आनंद आहे.

आणि ज्यांना स्वच्छ फोटो हवाच आहे, त्यांना माझा सोपा उपाय: आधी आहे तसा एक फोटो काढा, मग आपली पिशवी काढून कचरा उचला, मग हवा तो फोटो घ्या. पडद्यापुढे तासभर पुसत बसण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो.

मला कचऱ्याच्या दुष्परिणामांवर फोटोमालिका करायची आहे. परिणाम वाढवण्यासाठी एखादी पिशवी पक्ष्याजवळ सरकवून ठेवली तर?

नको. एकदा सरकवलीत की तुमच्या बाकीच्या खऱ्या फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. क्रिस जॉर्डन यांनी २००९ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटांवर अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांचे फोटो काढले. कुजलेल्या शरीरांच्या मधोमध झाकणं, लायटर, प्लास्टिकचे तुकडे. आईबापांनी समुद्रातून खाणं समजून आणून भरवलेले. त्यातला एकही तुकडा आपण हलवलेला नाही, हे जॉर्डन यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्या मालिकेचं वजन त्या एका वाक्यावर आहे. जस्टिन हॉफमन यांचा इंडोनेशियातल्या सुंबावा बेटाजवळचा फोटोही तसाच: इवलासा समुद्रघोडा शेपटीने कान कोरायच्या काडीला धरून वाहतो आहे. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेच्या २०१७ च्या अंतिम निवडीत तो होता. ती काडी त्या जिवाने आपणहून धरली होती. तुम्ही थांबा, वाट बघा. दुर्दैवाने फार वाट बघावी लागणार नाही.

कुठेही गेलं की दिसेल तो कचरा उचलावा का?

बहुतेक उचलावा, पण डोळे उघडे ठेवून. बाटली उचलण्याआधी आत बघा. तोंड वर करून तिरकी पडलेल्या बाटलीत चिचुंद्र्या-उंदरांसारखे छोटे प्राणी शिरतात आणि गुळगुळीत काचेवरून त्यांना परत चढता येत नाही. गळाची नायलॉनची दोरी दिसली तर ती आधी. पक्ष्यांच्या पायांना तिचे वेढे बसतात, आणि ती पारदर्शक असल्याने त्यांना दिसतच नाही. थोटकं कापसाची असतात असं अनेकांना वाटतं. त्यातला फिल्टर सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा. सुया, फुटक्या काचा हाताने नाही, चिमट्याने.

घरट्यात विणलेली सुतळी किंवा प्लास्टिकची दोरी मात्र विणीच्या काळात ओढू नका, घरटंच उसवेल. पिल्लू अडकलेलं दिसलं तर जाणत्या माणसाला बोलवा. तुमच्या हातात कॅमेरा असताना त्याच्या जवळ जाऊन बसण्याचा मोह होईल, तोही आवरा.

फोटोखाली जागेचं नाव का लिहीत नाही? लपवाछपवी वाटते.

असेल. प्रदेशाचं नाव लिहिते, नेमका काठ सांगत नाही, आणि फाइलमध्ये आपोआप नोंदलं जाणारं ठिकाणही काढून टाकते. ज्या जागेवर कचऱ्याचा डबासुद्धा नाही, तिथे गर्दी पाठवायची मला घाई नाही.

फोटोग्राफर दुसऱ्यांच्या कचऱ्यावर बोलतात. तुमच्या धंद्याचा कचरा कोण मोजतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण आमच्यात तो कुणी काढत नाही. लेन्स पुसायच्या ओल्या वाइप्स बऱ्याचदा कागदाच्या नसतात, त्यात प्लास्टिकचे धागे असतात. त्याऐवजी धुता येणारं कापड ठेवा. दिवे बांधायच्या प्लास्टिक पट्ट्या कापल्या की तुकडा खिशात गेला पाहिजे. फ्लॅशला चार्ज होणारे सेल वापरा.

सगळ्यांत वाईट म्हणजे उधळायची चमकी. साधी चमकी ही प्लास्टिकचीच पातळ फिल्म, बारीक कापलेली. गवतात पडली की कुणाच्या बापाला वेचता येत नाही. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते उगाच नाही. आकाशात सोडायच्या फुग्यांचंही तेच. ते ‘गेले’ असं वाटतं, पण कुठेतरी खाली येतातच. मी उघड्यावर दोन्ही करत नाही, आणि ते काम ठरवतानाच लिहून देते. ग्राहक एखाद-दुसराच नाराज होतो. बाकीच्यांना मी वाळलेली पानं उधळायला देते. ती त्याच जागची उचललेली हवीत, हवा मागून यायला हवी आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून संथ नको.