बागेतल्या दिव्यांच्या माळेसाठी जमिनीत ठोकायच्या खुंट्या: आधी ताण मोजा, मग लोखंड घ्या

तुमचा प्रश्न असा: बारामतीजवळ शेतघर, समोर काळ्या मातीवर लॉन, त्यावर बारा मीटरच्या अंतराने माळा टांगायच्या. एक इंची पीव्हीसी पाइप, त्याच्या बुडात दहा मिलिमीटरची सळई, त्यातली 30 सेंटिमीटर जमिनीत. एवढी खुंटी पुरेल का, की 45 सेंटिमीटर करू?

45 केलीत तरी शेवटचे खांब आत झुकणारच. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. बागेतले खांब वाकले म्हणून येणारे बहुतेक जण खुंटीची लांबी विचारतात, माळ किती ओढते हे कुणी विचारत नाही. सगळं त्यावरच ठरतं.

बल्ब, वायर आणि आधाराची तार मिळून मीटरला अर्धा किलो धरा. म्हणजे बारा मीटरला सहा किलो. माळेला मधोमध 60 सेंटिमीटर झोळ ठेवलात, तर ती टोकाच्या खांबाला साधारण 15 किलोने आडवी ओढते. झोळ 30 वर आणलात तर 30 किलो, 20 वर आणलात तर 45 किलो. वजन तेच, फक्त माळ ताठ दिसावी ही हौस तिप्पट महाग पडते. ध्यानात ठेवायचं तर अंतराच्या वीसाव्या हिश्शाएवढा झोळ ठेवा, ओढ माळेच्या वजनाच्या अडीचपट येते.

आता हे 15 किलो अडीच मीटर उंचीवर लावा. बुडाशी साडेसदतीस किलो-मीटरचा (म्हणजे 15 किलो गुणिले अडीच मीटर) उलटवणारा जोर आला. 45 सेंटिमीटर खोल खुंटीला तो मातीच्या भरवशावर तोलायचा, तर एकीकडे वरची माती आणि दुसरीकडे खालची माती सव्वाशे-दीडशे किलोने दाबली जाते. रोज पाणी पिणाऱ्या लॉनखालची काळी माती एवढं सोसत नाही. त्यात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेग नेमकी खुंटीला धरूनच पडते, कारण तिथे माती आधीच सुटलेली असते. ‘खुंटा हलवून बळकट करणे’ हे बोलण्यात ठीक आहे, काळ्या मातीत हलवलेला खुंटा फक्त सैल होतो.

म्हणून टोकाच्या खांबांना मागून ताण द्या. मांडववाले पिढ्यानपिढ्या हेच करतात, त्यांचा बांबू जमिनीत वीतभरही नसतो. खांबाच्या टोकापासून तार मागे ओढून, खांबापासून अडीच मीटरवर मेखेला बांधली की तारेत साधारण 21 किलो येतात. जागा वाचवायला मेख एका मीटरवर आणलीत तर तोच आकडा 40 वर जातो. वळवाच्या वाऱ्यासाठी दोन्ही आकडे दुप्पट धरा. मधल्या खांबांना दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ असते, तिथे ताण लागत नाही. कोपऱ्यावरच्या खांबाचा ताण दोन माळांच्या बरोबर मधल्या दिशेने, बाहेरच्या बाजूला.

मेख कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण खरं काम तीच करते. 40×40×5 मिलिमीटरचा लोखंडी अँगल (काटकोनी पट्टी) घ्या, 75 सेंटिमीटर लांब. वजन सव्वादोन किलो भरेल. गोल सळई मातीत फिरते आणि चिरत पुढे सरकते. अँगल फिरत नाही, आणि दाबायला त्याला मातीही रुंद मिळते. खालचं टोक ग्राइंडरने तिरकं कापा. वरच्या टोकावर सहा मिलिमीटर जाड पट्टीचा तुकडा आडवा वेल्ड करा, म्हणजे घणाने अँगलचं तोंड फाटणार नाही. तार अडकवायची कडी या पट्टीच्या लगेच खाली. मेख ठोकताना डोकं खांबापासून लांब कलतं ठेवा आणि फक्त पट्टी व कडी वर राहील इतकी आत घाला. मेख वीतभर वर ठेवून टोकाला तार बांधली तर तरफ होते आणि मेख उपसली जाते. शिवाय अंधारात पोरांच्या नडग्या फुटतात. ठोकण्याआधी ठिबकची नळी आणि मोटारीची केबल कुठून गेलीय ते पाहून घ्या.

खांबाला पीव्हीसी नको, उन्हात तो ताणाखाली वाकून तसाच राहतो. एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या आणि तो जमिनीत कायमचा गाडू नका. सव्वा इंची पाइपचा 60 सेंटिमीटरचा तुकडा बाही म्हणून जमिनीत बसवा, खांब त्यात सरकवायचा. काळ्या मातीत तो नुसता ठोकू नका. 30 बाय 30 चा, 70 सेंटिमीटर खोल खड्डा, तळाला बोटभर नाही तर चांगली दहा सेंटिमीटर खडी, बाहीचं उघडं तोंड त्या खडीवर, आणि भोवती 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. बाहीत गेलेलं पाणी खडीत उतरतं. पावसाळ्याआधी खांब उपसून ठेवा आणि बाहीला झाकण लावा, नाहीतर मातीने भरते आणि विंचू राहायला येतात. तुमच्या जागी मुरूम असता तर पहारेने भोक पाडून बाही ठोकली असती, काँक्रीटची गरजच नव्हती. कोकणात जांभ्यावर मात्र ठोकणं सोडा, ड्रिल करून अँकर बसवा.

काही जण खांब सिमेंट भरलेल्या बादलीत उभा करायला सुचवतात. 20 लिटरची बादली 48 किलो भरते खरी, पण तिचा काठ मध्यापासून जेमतेम 14 सेंटिमीटरवर. म्हणजे ती उलटायला सात किलो-मीटरही पुरतात, आणि तुमच्याकडे आहेत साडेसदतीस. गच्चीवर मधल्या खांबाला चालेल, टोकाला नाही.

गंज सगळ्यात जास्त धरतो तो जमिनीच्या पातळीला. वेल्डिंगने जस्त जळालेलं असतं तिथे झिंकचा रंग, आणि मातीच्या वर-खाली हातभर डांबरी रंग द्या.

माळेचं वजन विजेच्या वायरवर कधीही टाकू नका. तीन मिलिमीटरची स्टीलची वायर दोरी ओढा, एका टोकाला टर्नबकल (फिरवून दोरी ताणायचा स्क्रू), आणि माळ तिला पट्ट्यांनी बांधा. लोखंडी खांब, ओलं लॉन आणि अनवाणी माणसं असा मामला असताना 230 व्होल्टची माळ 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावायचीच नाही, खांबांना अर्थिंगही हवं. जमलं तर 24 व्होल्टची माळ आणि अडॅप्टर घराच्या आत, मग डोक्याला ताप नाही. पायवाटेच्या कडेला गुडघाभर उंचीची माळ असेल तर खांब-मेखांचं हे सगळं सोडा, आठ मिलिमीटरची सळई वर वेटोळं करून ठोकली की झालं.

माळ चढवण्याआधी आदल्या संध्याकाळी लॉनला भरपूर पाणी द्या आणि सकाळी धान्य तोलायचा ताणकाटा मेखेच्या कडीत अडकवून तारेच्या दिशेने, मेख अडीच मीटरवर असेल तर, 50 किलोपर्यंत ओढा. मेख सरकली तर तिच्या मागे आणखी एक ठोकून दोन्ही डोकी तारेने जोडा.

आणि दुकानात जाताना एक इंची पाइपचा तुकडा सोबत न्या. सव्वा इंची बी क्लासमध्ये (मध्यम जाडीचा पाइप) तो मोकळा जातो, सी क्लासची भिंत जाड असते, रंग दिल्यावर खांब आत अडकतो.